जुन्या मदरबोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख

(मंडळाच्या संक्रांत स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तिळगूळ वाटून झाल्यावर गोड बोलायचं असतं, आणि मला चिटणीसांनी उभं केलं आहे ते कॉम्प्युटरवर बोलायला. अटी दोनच घातल्या आहेत. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना कळलं पाहिजे, आणि ज्यांचा आहे त्यांनी जांभया देता कामा नये. बंगळूरच्या मराठी मंडळात दुसरी अट पाळणं कठीण. समोर बसलेल्यांत निम्मे तरी माझ्याहून जास्त जाणणारे आहेत. त्यांनी चूक दिसल्यास चहाच्या वेळी कान धरावा.

विषय निघाला तो एका तारखेमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडले नाहीत. पण नोंदणी करून वाढीव मुदत घेतली नाही, तर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. विंडोज ११ वर जावं तर तिची अट अशी, की प्रोसेसर ठरलेल्या यादीतला हवा. २०१७ साली आपल्यापैकी पुष्कळांनी हौसेने घेतलेले रायझन १००० मालिकेचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. तेव्हापासून मला फोन येतात, आणि प्रश्न एकच असतो: "हा डबा आता भंगारात द्यायचा का?"

असाच फोन आमच्या अण्णांचा आला. अण्णा म्हणजे आपल्या स्मरणिकेची पानं गेली कित्येक वर्षं लावणारे आमचे निवृत्त सहकारी. त्यांच्या कॉम्प्युटरवर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या ढीगभर फायली आहेत. जाहिराती, देणगीदारांच्या याद्या, जुन्या लेखांचे मजकूर, सगळं तिथेच. फायली दुसरीकडे नेता येतात, पण ते फॉन्ट, ते पानं लावण्याचं सॉफ्टवेअर, त्यांची बसलेली घडी नव्या यंत्रावर पुन्हा बसवायची म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच ठाऊक. अण्णा म्हणाले, "अरे, यंत्र नवं घ्यायला पैसे नाहीत असं नाही. पण हे सगळं परत मांडायला माझं वय राहिलं नाही."

त्यांच्या यंत्रात रायझन ३ १२०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर होता आणि बी३५० जातीचा मदरबोर्ड. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, यंत्र टाकू नका. प्रोसेसर तेवढा बदलू. पण त्याआधी तुमच्या मदरबोर्डाला त्याची ओळख करून द्यावी लागेल." ही ओळख म्हणजे काय, तेच आज सांगायचं आहे.

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पहिल्यांदा विंडोज चालू होत नाही. मदरबोर्डावर आठ पायांची एक बारीकशी चिप असते. त्यात लिहिलेला कार्यक्रम आधी चालतो. त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. हल्लीचं त्याचं रूप यूईएफआय या नावाचं आहे, पण दुकानदारापासून इंजिनिअरपर्यंत सगळे बायोसच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणेन. आपल्या संगीत नाटकातला सूत्रधार आठवा. तो आधी रंगमंचावर येतो, आज कोणतं नाटक, कोण कोण पात्रं आहेत ते सांगतो, आणि नाटक सुरू करून देऊन निघून जातो. बायोस तेच करतो. प्रोसेसर कोणता बसला आहे, मेमरी किती, डिस्क कुठे आहे हे पाहतो, प्रत्येकाला जागेवर आणतो आणि सूत्रं विंडोजच्या हाती देतो.

आता सूत्रधाराच्या हातातला कागद २०१७ सालचा आहे आणि पात्र २०२२ सालचं आलं आहे असं समजा. पात्र उत्तम आहे, पोशाख अंगाला बसतो आहे, पण त्याचं नाव कागदावर नाही. मग नाटक सुरूच होत नाही. प्रत्यक्षात दिसतं ते असं: पंखा फिरतो, दिवे लागतात, आणि पडदा काळाच्या काळा. माणूस समजतो की प्रोसेसर खराब निघाला. दुकानात जाऊन भांडतो. प्रोसेसर ठणठणीत असतो.

याचं कारण असं, की प्रोसेसर पहिल्या क्षणी फार थोडं करू शकतो. मेमरीशी कोणत्या गतीने बोलायचं, विजेचा दाब किती घ्यायचा, हे त्या त्या जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळं लिहिलेलं असतं. एएमडीच्या बाबतीत हा भाग कंपनी स्वतः लिहिते. त्याचं नाव एजेसा. तो असूस, गिगाबाइट, एमएसआय यांसारख्या मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे जातो. ते आपापल्या बोर्डाप्रमाणे तो बायोसमध्ये बसवतात. यातल्या बहुतेकांच्या बायोसचा मूळ सांगाडा अमेरिकन मेगाट्रेंड्स या कंपनीचा असतो. १९८५ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ती स्थापन करणाऱ्यांपैकी एक सुब्रमोनियन शंकर. तिचं एक मोठं केंद्र आपल्या शेजारी चेन्नईत आहे. आणि एएमडीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपलं जगातलं सर्वांत मोठं संशोधन-रचना केंद्र उघडलं ते याच बंगळूर शहरात. म्हणजे हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

पूर्वी ही ओळख बदलणं सामान्य माणसाच्या हातात नव्हतं. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत बायोस न पुसता येणाऱ्या चिपमध्ये असायचा. बदलायचा म्हणजे चिपच उपटून दुसरी लावायची. पुढे नव्वदच्या दशकात पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप आली आणि काम सोपं झालं. सोपं झालं तसं धोक्याचंही झालं. २६ एप्रिल १९९९ हा दिवस जुन्या मंडळींना आठवत असेल. सीआयएच नावाचा व्हायरस, ज्याला लोक चेर्नोबिल म्हणत, त्या दिवशी जागा झाला. तो डिस्क तर पुसायचाच, शिवाय काही बोर्डांवरचा बायोसही खराब करायचा. भारतातही अनेक यंत्रं त्या दिवशी उठली नाहीत. बायोसला हात लावायचा नाही ही भीती आपल्या मनात बसली त्याला तो दिवसही कारण आहे.

आता अण्णांच्या बोर्डाकडे येतो. त्याच्या सॉकेटचं नाव एएम४. त्याला १३३१ छिद्रं आणि प्रोसेसरला तितक्याच पिना. मार्च २०१७ मध्ये या सॉकेटवर पहिले रायझन आले, आणि हा सॉकेट २०२० पर्यंत चालवू असं एएमडी सांगत होती. मग २०१८ मध्ये २००० मालिका आली, जुलै २०१९ मध्ये ३००० आली. दर वेळी सॉकेट तोच, फक्त बायोस नवा. लोकांना सवय लागली.

मे २०२० मध्ये मात्र कंपनीने सांगितलं, की पुढचे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर, म्हणजे एक्स५७० आणि बी५५० वर चालतील. जुन्यांवर नाही. कारण मोठं गमतीचं होतं. अनेक जुन्या बोर्डांवरची बायोसची चिप फक्त १६ मेगाबाइटची. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना! पुण्यातल्या दोन खोल्यांत चार पिढ्या राहाव्यात तसा प्रकार. कारण खोटं नव्हतं. पण वर्षभरापूर्वी, पुढे उपयोगी पडेल म्हणून बी४५० बोर्ड घेतलेल्या लोकांना ते पटेना. जगभरातून ओरड झाली. त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला आणि बी४५०, एक्स४७० बोर्डांना वाट मोकळी केली. आणि मार्च २०२२ मध्ये तर सर्वांत जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० साठी अधिकृत परवानगी दिली. अण्णांचा बोर्ड त्यातलाच. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डाला पाच वर्षांनंतरचा प्रोसेसर चालला तो यामुळे.

जागेची अडचण कशी सोडवली तेही ऐका. काही कंपन्यांनी बायोसमधली रंगीत चित्रं काढून साधा मजकूर ठेवला. काहींनी सर्वांत जुन्या प्रोसेसरांची नावं यादीतून गाळली. काहींनी ३२ मेगाबाइटची चिप लावून तोच बोर्ड पुन्हा बाजारात आणला. यातून आपण लक्षात ठेवायचं ते इतकंच, की नव्या बायोसमध्ये काही जुन्यांना जागा उरत नाही आणि मागे फिरण्याची वाट प्रत्येक बोर्डावर नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सॉकेट तोच असला म्हणजे दार उघडेलच असं नाही. इंटेलने २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले. सॉकेट एलजीए ११५१, आधीच्या दोन पिढ्यांचाच. पण बोर्ड मात्र नवा, ३०० मालिकेचाच हवा असं सांगितलं. विजेच्या पिनांची मांडणी बदलल्याचं कारण दिलं. उलट २०२१ च्या एलजीए १७०० या सॉकेटवर बाराव्या पिढीसाठी घेतलेल्या ६०० मालिकेच्या बोर्डांवर तेरावी आणि चौदावी पिढी बायोस बदलून चालली. म्हणजे सॉकेट जुळतो का हा पहिला प्रश्न, आणि बोर्ड बनवणाऱ्याने त्या प्रोसेसरसाठी बायोस लिहिला आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर "हो" मिळाल्याशिवाय पाकीट काढू नये.

हे उत्तर कुठे मिळतं? प्रत्येक कंपनी आपल्या प्रत्येक बोर्डासाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देते, आणि प्रत्येक नावापुढे किमान कोणता बायोस हवा ते लिहिलेलं असतं. त्यासाठी बोर्डाचं नेमकं नाव लागतं. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की बोर्डाचं नाव आणि सध्याच्या बायोसचा क्रमांक दिसतो. काही बोर्डांच्या एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. आवृत्तीचा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला असतो, तोही टिपून घ्यावा. चुकीच्या आवृत्तीची फाइल म्हणजे शेजाऱ्याची किल्ली. अण्णांच्या बोर्डाच्या यादीत रायझन ५ ५६०० होता. सहा गाभे, ६५ वॅट, म्हणजे विजेचा भारही जुन्याइतकाच. त्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं म्हणून हा चालला. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी नावाच्या शेवटी जी असलेला, म्हणजे ५६००जी सारखा प्रोसेसर घ्यावा. नाहीतर बायोस बरोबर असूनही पडदा काळाच राहील.

खरेदीला मंत्री स्क्वेअरहून मेट्रोत बसलो. चिकपेट दुसरंच स्टेशन. तिथून एस. पी. रोड, म्हणजे आपला सादर पत्रप्पा रोड. तिथल्या एका दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "हळे प्रोसेसर इदेया?" जुना प्रोसेसर आहे ना? बंधुभगिनींनो, माझं सगळं भाषण त्या तीन शब्दांत आहे. कारण बायोस बदलण्यासाठी कॉम्प्युटर चालू व्हावा लागतो, आणि तो चालू होतो जुन्या प्रोसेसरवर. नव्याची ओळख बोर्डाला जुन्यानेच करून द्यायची असते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी उलट केलं. जुना प्रोसेसर चांगली किंमत आली म्हणून आधी विकला, मग नवा बसवला, आणि दोन आठवडे काळ्या पडद्यापुढे बसले. शेवटी तोच जुना जातीचा प्रोसेसर उसना मिळवून काम झालं. २०१८ साली अशी अडचण इतक्यांना आली होती, की एएमडी स्वतः ग्राहकांना काही दिवसांसाठी प्रोसेसर उसना पाठवत असे!

काही बोर्डांवर मात्र मागच्या बाजूला एक खास बटण असतं. असूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस म्हणते. त्यात प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिता येतो, कारण ते काम बोर्डावरची दुसरी छोटी चिप करते. स्वस्त आणि जुन्या बोर्डांवर हे बटण बहुधा नसतं. अण्णांच्या बोर्डावर नव्हतं.

आता प्रत्यक्ष कृती. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिलं, महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ते आधी तात्पुरतं थांबवा आणि त्याची लांबलचक किल्ली कागदावर उतरवून ठेवा. बायोस किंवा प्रोसेसर बदलला की विंडोज ती हमखास मागते, आणि ती त्याच डिस्कवर ठेवली असेल तर कपाटाची किल्ली कपाटात राहिल्यासारखं होतं.

दुसरं, बायोसची फाइल फक्त बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. तिच्यासोबतची टीप वाचा. फार जुन्या बायोसवरून थेट नव्यावर उडी घेता येत नाही, मध्ये एक पायरी घ्यावी लागते असं कधीकधी लिहिलेलं असतं. अण्णांच्या बाबतीत तशी एक पायरी होती.

तिसरं, फाइल एफएटी३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि बायोसच्या आतल्याच सोयीतून ती लिहा. विंडोज चालू असताना लिहिण्याचे कार्यक्रम मिळतात, पण मध्येच विंडोज अडकली तर काय, हा विचार करून मी ते टाळतो.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं, वीज. लिहायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट अशी अवस्था असते. त्या वेळी वीज गेली तर बोर्ड मुका होतो. एप्रिल-मेमध्ये वळिवाचा पाऊस आला की मल्लेश्वरमला काय होतं ते मी सांगायला नको. यूपीएस जोडल्याशिवाय हे काम करायचं नाही, आणि ढग आलेले असताना तर नाहीच. पडद्यावरची पट्टी थांबल्यासारखी वाटली तरी बटणाला हात लावायचा नाही. चहा करायला जावं.

समजा, एवढं करूनही बोर्ड मुका झालाच, तरी शोक करू नये. काही बोर्डांवर राखीव दुसरी चिप असते. नसली तरी एस. पी. रोडवर असे कारागीर आहेत, जे त्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावून, हातात मावेल एवढ्या यंत्राने बायोस पुन्हा लिहून देतात. बोर्ड फेकण्याआधी त्यांना एकदा दाखवावा.

पाचवं, नवा बायोस आल्यावर जुन्या प्रोसेसरवरच यंत्र एकदा पूर्ण चालू करून पाहा. मगच बंद करा, वायर काढा आणि प्रोसेसर बदला. एएम४ वर एक खाचखळगा आहे. वर्षानुवर्षांनी प्रोसेसरवरचा लेप सुकतो आणि पंखा ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो, पिना वाकतात. म्हणून काढण्याआधी यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करावं, आणि पंखा सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. जुना लेप पुसून नवा लावावा.

सहावं, पहिल्यांदा चालू करताना बायोस विचारतो, की नवा प्रोसेसर दिसतो आहे, आधीची गुप्त किल्ल्यांची तिजोरी नव्याने करू का? बिटलॉकरची किल्ली कागदावर असेल तर खुशाल होकार द्यावा. मग मेमरीची गती, डिस्कचा क्रम वगैरे मांडणी एकदा तपासावी, कारण बायोस बदलला की ती मूळपदावर येते.

अण्णांकडे हे सगळं करायला एक सकाळ लागली. दुपारी त्यांच्या त्याच फॉन्टांत, त्याच डिस्कवरून, स्मरणिकेची जुनी फाइल उघडली. यंत्र आता विंडोज ११ च्या यादीत बसतं. नवा बोर्ड घेतला असता तर त्याच्यासोबत डीडीआर५ मेमरीही नवी घ्यावी लागली असती. ते सगळं एका प्रोसेसरच्या पैशांत भागलं. जुना रायझन ३ अण्णांनी विकला नाही. कुणाचं अडलं तर उसना द्यायला म्हणून डबीत घालून कपाटात ठेवला आहे.

शेवटी एका प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो कुणीतरी विचारणारच. "चालतं आहे तर हात कशाला लावायचा?" हा नियम चुकीचा नाही. बोर्ड बनवणारेसुद्धा सांगतात, की अडचण नसेल तर बायोस बदलू नका. केवळ नवा आकडा दिसला म्हणून बदलू नये. पण त्याला अपवाद आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी दुरुस्ती काढली. हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विजेचा दाब मागत आणि हळूहळू खराब होत. दुरुस्ती बायोसमधूनच आली. जे आधीच बिघडले होते ते तिने बरे झाले नाहीत. कंपनीने त्यांची हमी दोन वर्षं वाढवली. पण जे शाबूत होते ते वाचवायचे तर बायोस बदलणं भागच होतं. तुमच्याकडे या पिढीचा प्रोसेसर असेल आणि २०२४ पासून बायोस बदलला नसेल, तर घरी गेल्यावर एवढं एक बघा.

आपल्यापैकी बहुतेकजण या गावात आलो तेव्हा घर कुठे मिळतं, भाजी कुठे चांगली, कन्नडमध्ये रिक्षावाल्याशी काय बोलायचं, हे आधी आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे जुन्याने नव्याची ओळख करून द्यायची ही रीत मी आपल्याला समजावून सांगावी असं नाही.

चिटणीसांच्या परवानगीने एक सूचना करून थांबतो. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० वाजता मी आणि आपले दोघे तरुण सभासद मंडळाच्या कार्यालयात यूपीएस घेऊन बसणार आहोत. २०१७ ते २०१९ मध्ये घेतलेला कॉम्प्युटर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी यंत्र उचलून आणू नये. बोर्डाचं नाव, आवृत्ती आणि बायोसचा क्रमांक, एवढं एका कागदावर लिहून आणावं. यादी आपण मिळून बघू. ज्यांचा बोर्ड नव्याला घेणार नाही त्यांना तसं स्पष्ट सांगू, म्हणजे प्रोसेसरवर पैसे वाया जाणार नाहीत. आणि जुना प्रोसेसर कुणीही तोपर्यंत विकू नये, ही हात जोडून विनंती.